देवमासे आणि डॉल्फिन यांनाही साथीचे विषाणूजन्य रोग होतात का?

करवीरचा मास्तर (प्रश्नकर्ता)

सर्वांना नमस्कार. मी कोल्हापुरात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो आणि गावाकडे घरच्या म्हशी आहेत, त्यामुळे जनावरांच्या रोगांशी माझा संबंध पुस्तकातला कमी आणि गोठ्यातला अधिक आहे. २०२२ साली लम्पीची साथ आली तेव्हा कोणाच्या गाईच्या अंगावर गाठी उठल्या, कोणत्या गावचा जनावरांचा बाजार बंद झाला, लस कुठवर पोहोचली, हे सारे सकाळी डेअरीत दूध घालायला उभे राहिले की कळत असे. याउलट रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला एखादा डॉल्फिन वा देवमासा मरून लागला की वर्तमानपत्रात चार ओळी येतात, शेवटी ‘मृत्यूचे नेमके कारण समजू शकले नाही’ असे लिहिलेले असते, आणि दुसऱ्या दिवशी जेसीबीने खड्डा काढून तो पुरल्याचे छायाचित्र छापून येते. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला वाळूत रुतलेल्या देवमाशाच्या पिल्लाला खोल पाण्यात सोडण्यासाठी लोकांनी किती खटपट केली हे आपण सर्वांनी पाहिले. ते पिल्लू पुढे मेलेच, पण मुळात ते आजारी होते का, हा प्रश्न माझ्या वाचनात कोणी विचारलेला आढळला नाही.

आठवीच्या वर्गात एका मुलीने मला सरळ विचारले की समुद्रातल्या सस्तन प्राण्यांना आपल्या जनावरांसारखी साथ लागते का, आणि लागत असेल तर ती पाण्यातून पसरते की हवेतून. जाणकारांनी जरा विस्ताराने लिहावे. केवळ ‘प्रदूषण’ या एका शब्दावर उत्तर संपवू नये, अशी विनंती आहे.

निवृत्त पशुवैद्य, गडहिंग्लज

मास्तर, साथ लागते, आणि तिच्यामागचा सर्वांत घातक विषाणू आपल्या गोठ्याला परका नाही. माणसाचा गोवर, गुरांची बुळकांडी, शेळ्यामेंढ्यांचा पीपीआर, कुत्र्यांचा डिस्टेंपर आणि डॉल्फिन-देवमाशांचा सागरी रोग हे सारे मॉर्बिलीव्हायरस या एकाच गटातील विषाणूंमुळे होतात. सील नावाच्या प्राण्याला होणारा डिस्टेंपरही त्याच गटातला आहे.

बुळकांडी आताच्या पिढीने पाहिलेली नाही. साठी ओलांडलेल्या शेतकऱ्यांना मात्र ती चांगली आठवत असेल. डोळ्यांतून आणि नाकातून पाणी गळू लागे, ओठांच्या आत आणि हिरड्यांवर गव्हाचा कोंडा चिकटवल्यासारखा थर दिसे, मग पाण्यासारखी हगवण सुरू होई आणि आठ-दहा दिवसांत जनावर आडवे होई. भारतात या रोगाचा शेवटचा उद्रेक १९९५ साली नोंदला गेला, २००६ मध्ये देश बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ मध्ये संपूर्ण जगातून रोग संपल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने मुळासकट उपटून काढलेला हा दुसराच रोग आहे. (जाता जाता सांगतो, या रोगावर संशोधन करण्यासाठी सरकारने १८८९ साली जी प्रयोगशाळा उघडली ती पुण्यात होती; तीच पुढे मुक्तेश्वरला हलली. आपल्याकडे हे फारसे कोणाला ठाऊक नसते.) पीपीआर मात्र अजून गेलेला नाही. शेतात बकरी बसवायला आलेल्या कोणत्याही मेंढपाळाला विचारा, तो त्याची लक्षणे घडाघडा सांगेल.

समुद्रातील भावंड उशिरा ओळखले गेले. १९८८ मध्ये आयर्लंडच्या किनाऱ्याला लागलेल्या पॉरपॉइज या डॉल्फिनसारख्या लहान प्राण्यांत ते प्रथम सापडले. १९९० च्या उन्हाळ्यात स्पेनमधील व्हॅलेन्सियाजवळ पट्टेवाले डॉल्फिन मरू लागले आणि ती साथ दोन वर्षांत पूर्वेकडे सरकत इटली आणि ग्रीसपर्यंत पोहोचली; हजारो डॉल्फिन गेले. त्यानंतर हा विषाणू अटलांटिकमध्ये, पॅसिफिकमध्ये आणि दक्षिण गोलार्धातही आढळला. ब्राझीलमध्ये रिओ द जनेरोच्या पश्चिमेकडील खाड्यांत २०१७ च्या अखेरीस जी साथ आली, तिच्यात एकाच जातीचे दोनशेहून अधिक डॉल्फिन काही महिन्यांत मेले.

आता तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न. साथ मुख्यतः हवेतून पसरते. हे प्राणी पाण्यात राहत असले तरी श्वास घ्यायला त्यांना वर यावेच लागते, आणि वर येताच डोक्यावरील नाकपुडीतून ते जो फवारा सोडतात त्यात फुप्फुसातील ओलावा आणि चिकट स्राव असतो. कळप एकत्र वर येतो, एकमेकांच्या फवाऱ्यातच पुढचा श्वास घेतो आणि तो श्वास आपल्यापेक्षा कितीतरी खोल असतो. पायलट व्हेलसारख्या जाती तर शेकड्यांच्या कळपाने फिरतात आणि वाटेत इतर जातींत मिसळतात, त्यामुळे विषाणू या समुद्रातून त्या समुद्रात नेण्याचे काम त्यांच्याकडून होत असावे, असे अभ्यासकांना वाटते. गाभण मादीकडून पोटातल्या पिल्लालाही रोग जाऊ शकतो.

शरीरात शिरल्यावर हा विषाणू प्रथम प्रतिकारशक्तीच्या पेशींवर चालून जातो, कारण त्या पेशींवर असलेल्या एका प्रथिनाला चिकटूनच तो आत शिरतो. लसिका ग्रंथी ओस पडतात, फुप्फुसाचा दाह होतो, मेंदूला सूज येते. पीपीआरने मेलेल्या शेळीचे शवविच्छेदन करताना आम्ही फुप्फुसाचा तुकडा कापून पाण्यात टाकत असू. निरोगी फुप्फुस हवेमुळे तरंगते, रोगाने घट्ट झालेला गडद लाल तुकडा सरळ तळाला जातो. मॉर्बिलीने मेलेल्या डॉल्फिनचे फुप्फुसही असेच जागोजागी घट्ट झालेले सापडते. ज्याला एका श्वासावर बुडी मारून मासे पकडायचे आहेत, त्याचे फुप्फुस असे झाल्यावर काय होणार, हे सांगायला पशुवैद्य लागत नाही. यातूनही एखादा वाचला तर प्रतिकारशक्ती खचल्यामुळे बुरशी आणि इतर जंतू त्याला गाठतात. काही डॉल्फिनमध्ये बाकी शरीरातून विषाणू निघून गेल्यावर तो केवळ मेंदूत दडून राहतो आणि पुष्कळ काळाने डोके वर काढतो. माणसांत गोवरानंतर काही वर्षांनी क्वचित होणाऱ्या मेंदूच्या दुर्धर आजाराशी याचे विलक्षण साम्य आहे.

वेंगुर्ल्याचा जावई

डॉक्टरांचे विवेचन उत्तम आहे, तथापि एक सावधगिरी नोंदवावीशी वाटते. माझी सासुरवाडी किनाऱ्यावर आहे आणि तिथले मच्छीमार सांगतात की वाहून आलेल्या डॉल्फिनच्या शेपटीवर किंवा चोचीवर पुष्कळदा जाळ्याचे वळ असतात. मोठ्या देवमाशांच्या पाठीवर जहाजाचा घाव असतो. पावसाळ्यात वारा आणि पाण्याची ओढ किनाऱ्याकडे असल्यामुळे दूरवर मेलेली जनावरेही आपल्याकडे येतात आणि संख्या वाढल्यासारखी वाटते. उद्या कोणी हा धागा वाचून प्रत्येक मृत डॉल्फिनच्या नावापुढे विषाणू लिहू लागला, तर जाळ्यांचा आणि जहाजांचा प्रश्न बाजूला पडेल, आणि तसे झालेले काहींना हवेच असेल.

प्राणिशास्त्राची शिक्षिका

वेंगुर्ल्याच्या जावयांशी मी सहमत आहे, पण कारण ठरवण्याची घाई दोन्ही बाजूंनी होऊ शकते, आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे. जून १९८७ पासून न्यू जर्सीपासून फ्लोरिडापर्यंतच्या किनाऱ्याला बॉटलनोज जातीचे डॉल्फिन मरून लागू लागले आणि वर्षभरात ही संख्या ७४० च्या वर गेली. चौकशी झाली आणि समुद्रातील एका सूक्ष्म शेवाळाचे विष माशांमार्फत डॉल्फिनच्या पोटात गेल्याने हे घडले, असा निष्कर्ष काढण्यात आला. मृत डॉल्फिनमध्ये ते विष खरोखरच सापडले होते, म्हणजे निष्कर्ष हवेतला नव्हता. परंतु शवविच्छेदनाच्या वेळी फुप्फुसाचे आणि लसिका ग्रंथींचे तुकडे जपून ठेवलेले होते. युरोपातील साथींमुळे या विषाणूची ओळख पटल्यानंतर काही वर्षांनी ते तुकडे पुन्हा तपासले, तेव्हा त्यांपैकी निम्म्याहून अधिक प्राण्यांत मॉर्बिलीव्हायरसच्या खुणा सापडल्या. ते तुकडे फेकून दिले असते, तर आजही पाठ्यपुस्तकांत शेवाळाचेच नाव राहिले असते.

त्याच किनाऱ्यावर २०१३ ते २०१५ या काळात साथ परतली आणि या वेळी १,६०० हून अधिक डॉल्फिन मृत वा मरणासन्न अवस्थेत किनाऱ्याला लागले. या खेपेला कारण काही आठवड्यांतच कळले, कारण काय शोधायचे हे ठाऊक होते.

दोन साथींमध्ये पंचवीस वर्षांचे अंतर का पडले, हा भाग मुलांना सांगण्याजोगा आहे. गोवराप्रमाणेच या रोगातून उठलेल्या प्राण्याला दीर्घकाळ, बहुधा जन्मभर, संरक्षण मिळते. साथ ओसरते तेव्हा उरलेल्या कळपात लागण होण्याजोगे प्राणी थोडे राहतात आणि विषाणूला पुढे जायला जागा मिळत नाही. डॉल्फिनची मादी साधारणतः तीन-चार वर्षांनी एकच पिल्लू घालते, त्यामुळे संरक्षण नसलेली नवी पिढी सावकाश वाढते आणि जुनी सावकाश सरते. गोवर माणसांत कायम टिकून राहायला काही लाख लोकसंख्येचे शहर लागते, असे गणित साथरोगतज्ज्ञ मांडतात. किनाऱ्यालगतच्या डॉल्फिनची संख्या त्याच्या जवळपासही जात नाही. म्हणून प्रत्येक नवी साथ बाहेरून, खुल्या समुद्रातील मोठ्या कळपांकडून येत असावी.

सीलच्या बाबतीत हा हिशेब आणखी स्वच्छ दिसतो. डेन्मार्कच्या आनहोल्ट या छोट्या बेटावर एप्रिल १९८८ मध्ये साथ सुरू झाली आणि उत्तर समुद्राच्या परिसरात १८ हजारांहून अधिक हार्बर सील मेले. चौदा वर्षांनी, २००२ मध्ये, ती पुन्हा त्याच बेटावरून सुरू झाली आणि या वेळी २० हजारांहून अधिक बळी गेले. ग्रे सील या जातीला लागण होते, पण ती क्वचितच मरते, त्यामुळे रोग इकडून तिकडे नेण्याचा संशय तिच्यावर आहे. १९८८ मध्ये हा रोग नेमका कोणता हे नेदरलँड्समधील शास्त्रज्ञांना कळले ते कुत्र्यांच्या डिस्टेंपरसाठी असलेल्या चाचण्या सीलच्या रक्तावर करून पाहिल्यामुळे.

मास्तरांनी प्रदूषणावर उत्तर संपवू नका म्हटले आहे, तरी त्याला पूर्ण वगळताही येत नाही. १९९० च्या साथीत मेलेल्या भूमध्य समुद्रातील डॉल्फिनच्या चरबीत पीसीबी या औद्योगिक रसायनांचे प्रमाण साथीतून वाचलेल्यांपेक्षा जास्त आढळले होते. ही रसायने प्रतिकारशक्ती दुबळी करतात. रोग विषाणूचाच, पण बळी किती जातील हे ठरवण्यात अशा गोष्टींचा हात असू शकतो.

आणखी एक गोष्ट वर्गात सांगा, मुलांना आवडते. देवमाशांचे पूर्वज खूर असलेले जमिनीवरील प्राणी होते, आणि त्यांच्या जवळचा नातलग मानला जाणारा, मांजरापेक्षा जेमतेम मोठा इंडोहायस हा प्राणी जम्मू-काश्मीरमधल्या सुमारे ४.८ कोटी वर्षे जुन्या खडकांत सापडला. विषाणू ज्या प्रथिनाला चिकटतो ते प्रथिन देवमाशांत आणि गाई-शेळ्यांत बरेच सारखे आहे, यामागे हे नाते आहे. यावरून बुळकांडी गोठ्यातून समुद्रात गेली असा अर्थ मात्र कृपया काढू नये.

करवीरचा मास्तर

डॉक्टरसाहेब, मॅडम, दोघांचेही मनापासून आभार. दोन उपप्रश्न आहेत. आमच्या भागात पोल्ट्रीवाले पुष्कळ आहेत आणि बर्ड फ्लूचे नाव काढले तरी त्यांची झोप उडते. तो समुद्रातील प्राण्यांना होतो का? आणि किनाऱ्यावर पडलेला डॉल्फिन भटकी कुत्री फाडून खातात, त्यातून कुत्र्यांना किंवा माणसांना काही धोका आहे का?

निवृत्त पशुवैद्य, गडहिंग्लज

बर्ड फ्लू होतो, आणि सध्या मॉर्बिलीपेक्षा जास्त चिंता त्याचीच आहे. १९७९-८० च्या हिवाळ्यात अमेरिकेतील केप कॉडच्या परिसरात चारशेहून अधिक सील फुप्फुसाच्या दाहाने मेले तेव्हा त्यांच्यात पक्ष्यांकडून आलेला फ्लूचा विषाणू सापडला होता. परंतु त्या साथी आटोक्यात राहत. एच५एन१ चा जो प्रकार गेल्या काही वर्षांत जगभरच्या जंगली पक्ष्यांत पसरला, त्याने २०२३ मध्ये पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर हजारोंनी समुद्रसिंह मारले, आणि त्याच वर्षी अर्जेंटिनातील वाल्देस द्वीपकल्पावर एलिफंट सीलची त्या हंगामातील १७ हजारांहून अधिक पिल्ले, म्हणजे जन्मलेल्यांपैकी जवळजवळ सगळी, काही आठवड्यांत संपली. एवढ्या झपाट्याने पसरलेला रोग प्रत्येक वेळी पक्ष्याकडूनच आला असेल हे पटत नाही. सीलकडून सीलला तो जात असल्याचे पुरावे पुढे आले आहेत. फ्लोरिडात २०२२ मध्ये एका डॉल्फिनच्या मेंदूतही तो सापडला. आपल्या समुद्रात सील नाहीत, त्यामुळे तसा देखावा कोकणात दिसण्याची शक्यता नाही. समुद्रपक्षी आणि डॉल्फिन मात्र आहेत.

कुत्र्यांबाबत आतापर्यंतचा इतिहास पाहिला तर धोका उलट्या दिशेने गेलेला दिसतो. १९८७-८८ मध्ये सायबेरियातील बैकाल या गोड्या पाण्याच्या सरोवरात हजारो सील मेले, २००० साली कॅस्पियन समुद्रात तेच झाले, आणि दोन्ही ठिकाणी सापडला तो कुत्र्यांचा डिस्टेंपर. अंटार्क्टिकावर स्लेज ओढायला नेलेली कुत्री १९९४ पर्यंत परत आणावी लागली, त्यामागे सीलना रोग लागण्याची भीती हे एक कारण होते. आपल्याकडे किनाऱ्यावरील कुत्र्यांना डिस्टेंपरची लस क्वचितच मिळते, हेही ध्यानात ठेवावे.

डॉल्फिनचा मॉर्बिली माणसाला झाल्याची नोंद नाही. तरीही मेलेल्या सागरी प्राण्याला उघड्या हाताने शिवू नये. केप कॉडच्या त्या सीलचे शवविच्छेदन करणाऱ्यांना डोळ्यांचा संसर्ग झाला होता, आणि डॉल्फिनमध्ये ब्रुसेला जातीचा जिवाणूही असतो. आपल्या गाई-म्हशी ज्याने गाभडतात त्याच्याच जातीतला तो आहे. सेल्फीसाठी त्याच्या अंगावर हात टेकून उभे राहणाऱ्यांना हे कोणी तरी सांगायला हवे.

लसीबद्दल कोणी विचारण्याआधीच लिहितो. बुळकांडी हटली कारण जनावर दावणीला होते. लस टोचता येत होती, बाजार बंद करता येत होता, आजारी जनावर वेगळे बांधता येत होते. समुद्रात यातले काहीच चालत नाही. अपवाद एकच. हवाई बेटांवर मंक सील नावाचा दुर्मीळ प्राणी आहे, उरलेले सुमारे दीड हजार. वाळूवर पडून राहण्याची त्याची सवय असल्यामुळे २०१६ पासून तिथले लोक झोपलेल्या सीलजवळ हळूच जाऊन लांब काठीला लावलेल्या सिरिंजने त्याला डिस्टेंपरची लस टोचतात आणि काही आठवड्यांनी तोच सील ओळखून दुसरा डोस देतात. खुल्या समुद्रातील देवमाशाला असे कोण गाठणार?

प्राणिशास्त्राची शिक्षिका

टोचता येत नसले तरी नमुना घेता येतो. २०१७ मध्ये सिडनीजवळून जाणाऱ्या हंपबॅक देवमाशांवर संशोधकांनी ड्रोन नेले. ड्रोनला झाकण उघडता-मिटता येणारी बशी लावलेली होती, देवमासा फवारा सोडताच ती उघडायची आणि लगेच मिटायची. त्या थेंबांतून पूर्वी न पाहिलेले विषाणू मिळाले. आपल्या किनाऱ्यावर हे ताबडतोब होईल असे मी म्हणत नाही. मरून लागलेल्या प्राण्याचे नमुने घेणे मात्र आपल्या आवाक्यात आहे.

डॉल्फिन आणि देवमासे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणून कलेवरावर हक्क वन विभागाचा. कोल्हापूरचे जे लोक सुट्टीत कोकणात उतरतात त्यांनी असा प्राणी दिसल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे, शेजारी चप्पल किंवा काठी ठेवून पूर्ण शरीराची, डोक्याची आणि शेपटीची छायाचित्रे काढावीत आणि दिवस, वेळ व जागा लिहून ठेवावी. जिवंत असेल तर त्याच्या नाकपुडीत पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नये आणि शेपटीला दोर बांधून ओढू नये. (पोटात ‘उलटी’ सापडेल या आशेने सुरी घेऊन धावणारेही असतात, ती केवळ स्पर्म व्हेल आणि त्याच्या नात्यातल्या छोट्या जातींत तयार होते आणि तिचा व्यापार आपल्याकडे गुन्हा आहे.)

निवृत्त पशुवैद्य, गडहिंग्लज

नमुन्यांबद्दल एक तांत्रिक गोष्ट जोडतो, कारण किनाऱ्यालगतच्या तालुक्यांतील काही पशुधन विकास अधिकारी हा धागा वाचतात असे दिसते. फुगून फुटलेल्या कलेवरातून काही मिळणार नाही. पण मरून एखादा दिवसच झाला असेल तर फुप्फुस, लसिका ग्रंथी, प्लीहा आणि शक्य झाल्यास मेंदू यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे त्यांच्या दहापट फॉर्मेलिनमध्ये ठेवावेत आणि तेवढेच तुकडे फॉर्मेलिनशिवाय बर्फात वेगळे पाठवावेत, कारण विषाणूचा आरएनए तपासायचा तर फॉर्मेलिन आड येते. मॉर्बिली गटातील कोणताही विषाणू पकडू शकेल अशी पीसीआर चाचणी उपलब्ध आहे, आणि पीपीआरचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेला ती अवघड वाटू नये. मात्र वन विभागाची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय सुरी लावू नये, आणि हातमोजे, मुखपट्टी व डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय तर मुळीच नाही.